साखरेच्या पाण्याचा खडू

मित्रांनो, चौकातून जाताना तुम्ही मला पुष्कळदा पाहिलं असेल, पण थांबून वाचलं नसेल. मी तालमीच्या भिंतीवरचा एक जुना फळा आहे. कोल्हापुरात अशी तालीम नाही की जिच्या दारात फळा नाही. मातीत कुस्ती आणि भिंतीवर बातमी, अशी इथली जुनी रीत.

मला आकाराम सुतारांनी केलं. ते याच तालमीत घाम गाळून मोठे झाले होते, म्हणून लाकूड त्यांनी निवडून घेतलं. रंधा मारून मला गुळगुळीत केलं, काळा रंग चढवला आणि डोक्यावर पत्र्याचं छोटं छप्पर ठोकलं. भिंतीवर चढलो त्या दिवशी माझ्यापुढे नारळ फोडला होता. एवढा मान पुन्हा कधी मिळाला नाही, पण तेव्हा मला वाटलं, आता आयुष्यभर असंच चालणार.

सुरुवातीला माझ्यावर कुस्त्यांची मैदानं, फुटबॉलच्या मॅचचे निकाल आणि पावसाळ्यात पंचगंगेची पातळी लिहिली जायची. पेठेत कुणी गेलं की चौकट आखून निधनाची वार्ताही माझ्यावरच यायची. त्या दिवशी दुसरं काही लिहायचं नाही, असा इथला दंडक होता. पण मला खरी प्रसिद्धी मिळाली ती अण्णांमुळे.

अण्णा म्हणजे सोमशेखर हत्तरगी. महाद्वार रोडला त्यांचं कापडाचं दुकान आहे. मुलगा गल्ल्यावर बसू लागला तसे ते मोकळे झाले. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती, आणि मग तालमीच्या कट्ट्यावर पेपर. पेपर वाचून ते गप्प बसले असते तर त्यांना अण्णा कोण म्हणालं असतं? ते दोन-तीन ठळक बातम्या माझ्यावर उतरवायचे आणि प्रत्येकीखाली स्वतःची एक ओळ लिहायचे. शेवटी सही करायचे, ‘एक वाचक’.

‘शहरात उद्या पाणी नाही.’ खाली अण्णांची ओळ: ‘आज होतं का?’

‘नदी प्रदूषणावर समिती नेमणार.’ खाली: ‘मासे वाट बघून मेले.’

‘गुळाचा दर घसरला.’ खाली: ‘चहा मात्र महागच पिऊ या.’

लोक सायकल थांबवून वाचायचे, हसायचे. ‘अण्णा, आज लई जाळ काढलासा की!’ असं कुणी ओरडलं की अण्णांची छाती फुगायची. माझीसुद्धा फुगायची, खोटं कशाला बोलू? मग लोक माझे फोटो काढू लागले आणि माझ्या अंगावरच्या ओळी मी कधी न पाहिलेल्या गावांत फिरू लागल्या.

अण्णांच्या अक्षराचं एक गुपित होतं. ते खडू साखरेच्या पाण्यात भिजवून लिहायचे. घरून पितळेची एक वाटी आणायचे, तिच्यात खडू बुडवायचे. तसा खडू ठळक उमटतो, वाऱ्याने उडत नाही, हात लागला तरी फिसकटत नाही. दुसऱ्या दिवशी पुसायला मात्र ओला काथ्या घेऊन घासावं लागतं. त्यांच्या पत्नी नीलम्मा निपाणीकडच्या. त्या वाटी भरून देताना रोज कुरकुरायच्या, ‘साकु, पुरे झालं हो. दुसऱ्याच्या दारातलं आपण कशाला लिहायचं?’

अण्णा म्हणायचे, ‘पेपरात आलंय ते दुसऱ्याचं कसं? ते समद्यांचं.’

उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ना, अण्णांचं खडूच्या बाबतीत तसं झालं होतं. बातमी वाचून होते न होते तोच त्यांची ओळ तयार असायची.

माझ्या रोजच्या वाचकांत मीनाबाई होत्या. पलीकडच्या बुद्धविहाराजवळच्या गल्लीत त्यांचं घर. त्या मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला जायच्या. जाताना माझ्यासमोर हमखास थांबायच्या आणि एकेक अक्षर ओठांनी उच्चारत वाचायच्या. त्यांचा मुलगा सूरज शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला होता, मुलगी रूपाली कॉलेजात शिकत होती. नवरा पूर्वीच गेलेला. सूरज माझ्या ओळखीचा होता. लहानपणी त्याने माझ्यावर बाणासारखं नाक असलेला एक माणूस काढला होता आणि अण्णांचा धपाटा खाल्ला होता.

ऊस तोडणीचे दिवस होते. त्या सकाळी पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. अण्णांनी ती माझ्यावर घेतली: ‘उसाच्या ट्रॉलीवर भरधाव दुचाकी आदळून तरुण ठार. ओळख पटली नाही.’

खडू क्षणभर थांबला. मला वाटलं, आज मरणाची बातमी आहे, खाली काही येणार नाही. पण नाव नसलेल्या मरणाला दंडक लागू होत नसावा. अण्णांनी खडू वाटीत बुडवला आणि झोकात लिहिलं: ‘ढोसून पळवली असणार. डोंगराएवढी ट्रॉली दिसत नाही, तो घरी काय उजेड पाडणार होता?’

एकाने लगेच फोटो काढला. दोघे-तिघे हसले. तेवढ्यात मीनाबाई आल्या. त्यांच्या हातात फोन होता आणि त्या तो पुन्हापुन्हा कानाला लावत होत्या.

‘काय मीनाबाई, सकाळी सकाळी फोन?’ अण्णांनी विचारलं.

‘सूरज काल सेकंड शिफ्टला गेलता. डबल ड्युटी लागली आसंल, आला न्हाय. फोन बी लागंना. चार्जिंग संपलं आसंल, दुसरं काय.’

असं म्हणून त्यांनी सवयीने मान वर केली आणि मला वाचू लागल्या. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. मग पदर तोंडाला लावून हसल्या.

‘व्हय की अण्णा. ह्या पोरास्नी आईबापाचा इचारच न्हाय बघा.’

आणि त्या कामावर निघून गेल्या.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे. पण त्या हसण्याची आठवण झाली की अजूनही मला भिंतीवरून निसटून खाली पडावंसं वाटतं.

दुपार व्हायच्या आत तालमीपुढे पोलिसांची गाडी थांबली आणि हवालदाराने मीनाबाईंचं घर विचारलं. तिथे बसलेल्या जोतीराम पैलवानाने नाव ऐकलं आणि तो धावत अण्णांच्या दुकानी गेला. अण्णा धापा टाकत आले. त्यांचा चेहरा विभूतीहून पांढरा पडला होता. त्यांनी उपरण्याने मला पुसायला सुरुवात केली. कोरडं पुसलं, ओलं पुसलं, काथ्या घेऊन घासलं. पण एरवी काथ्याने निघणारा साखरेचा खडू त्या दिवशी उन्हाने माझ्या रंगातच मुरला होता. पांढरेपणा गेला, तरी अक्षरं चिकटून राहिली. जरा बाजूला उभं राहिलं की ‘ढोसून’ हा शब्द स्वच्छ वाचता येत होता.

त्याच जागी त्यांनाच चौकट आखावी लागली. त्यांनी सूरजचं नाव लिहिलं, अंत्ययात्रेची वेळ लिहिली, पुढे जलदान विधीचा वार लिहिला. ओळ तिरकी गेली. संध्याकाळी अंत्ययात्रेहून लोक परतले तेव्हा माझ्यावर मुंग्या चढल्या होत्या. साखरेच्या वासाने आल्या बिचाऱ्या. निधनवार्तेखालून, जुन्या ओळीच्या वळणावळणाने त्यांची रांग चालली होती. मीनाबाईंना दोघी धरून घरी नेत होत्या. त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ त्या रांगेकडे पाहिलं.

अण्णा कट्ट्यावर बसले होते. ते उठून उभे राहिले.

त्यानंतर महिन्याभराने मीनाबाई एकट्याच आल्या.

‘अण्णा, पोटात दारूचा थेंब गावला न्हाय त्याच्या. डाक्टरनं लिवून दिलंय. ट्रॉली रस्त्यात हुबी हुती, मागं दिवा न्हाय, लाल फडकं न्हाय. कामावरनं येत हुता माझा लेक.’

‘मला ठावं न्हवतं ओ, मीनाबाई.’

‘ठावं न्हवतं म्हणूनच म्हणतोय. आता ठावं झालं न्हवं? लिवा की फळ्यावर. पोरीच्या कॉलेजात त्यो फोटो फिरतोय. पोरी इचारत्यात, तुझा भाऊ लई प्यायचा व्हय?’

अण्णा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाले, ‘लोक इसरल्यात आता. पुन्हा कशाला उकरायचं? मी पुसलंय की ते.’

मीनाबाईंनी माझ्यावर अजून दिसणाऱ्या ‘ढोसून’कडे बोट केलं. त्या दिवसापासून त्यांनी वाट बदलली. वसतिगृहाला जायला त्या मागच्या बोळातून लांबचा वळसा घालू लागल्या.

अण्णांनीही लिहिणं सोडलं. ते पेपर वाचायचे, घडी घालायचे आणि घरी जायचे. त्यांना मीनाबाईंचं दुःख कळत नव्हतं असं नाही. पण खरं लिहायचं तर खाली ‘एक वाचक’ लिहून भागणार नव्हतं, आणि एवढ्या वर्षांची वाहवा मिळवलेल्या माणसाला स्वतःचं नाव लिहिणं जड जात होतं. मी रिकामा पडलो. रिकाम्या फळ्याला कोण विचारतो? माझ्यावर कुणाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागले, क्लासच्या जाहिराती चिकटल्या. पत्र्याचं छप्पर एका बाजूने लोंबू लागलं.

असं सहा-सात महिने चाललं. पुढचं मी अण्णांच्याच तोंडून ऐकलं, जोतीरामला सांगत होते तेव्हा. एक दिवस दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. साड्या बघता बघता गप्पा निघाल्या. ‘त्या विहाराजवळच्या पोराचं वाईट झालं, पण पिऊन मेला तो. वाटलंच हुतं,’ असं गिऱ्हाईक म्हणालं. अण्णा म्हणाले, ‘न्हाय ओ, पिला न्हवता.’ त्यावर गिऱ्हाईक ठसक्यात म्हणालं, ‘तुमास्नी काय म्हायती? तालमीच्या फळ्यावर आलतं की!’

अण्णांचीच ओळ पुरावा होऊन अण्णांच्याच तोंडावर येऊन आदळली होती. ते घरी गेले आणि जेवले नाहीत. नीलम्मांनी कारण विचारलं, ऐकून घेतलं. बोल लावला नाही. सकाळी त्यांनी पितळेची वाटी घासली, साखरेचं पाणी केलं आणि पेपरच्या आधी ती अण्णांच्या हातात ठेवली.

अण्णा आले. माझ्यावरचा फ्लेक्स काढला, गोंद खरवडला, मला ओल्या फडक्याने पुसलं. त्या दिवशी त्यांनी पेपर उघडला नाही. लिहिलं ते असं:

‘सूरज दारू पिऊन गेला नाही. तो कामावरून घरी येत होता. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. त्या दिवशीची खालची ओळ पेपरात नव्हती, ती मी मनाने लिहिली होती. – सोमशेखर हत्तरगी.’

मग ते कट्ट्यावर बसून राहिले. माणसं येत होती, जात होती. बरीचशी मान खाली घालून, फोनमध्ये बघत. एकजण थांबला आणि वाचून म्हणाला, ‘आज जोक न्हाय व्हय अण्णा?’ फोटो कुणी काढला नाही. पहिल्या ओळीला पाय फुटले होते, या ओळीला कुणी उचलूनही घेईना. आणि जिच्यासाठी लिहिलं ती तर मागच्या बोळातून केव्हाच गेली होती.

ऊन चढलं तसे अण्णा उठले आणि विहाराच्या गल्लीकडे गेले. इतक्या वर्षांत त्यांना मी त्या बाजूला वळताना पाहिलं नव्हतं. खूप वेळाने ते परत आले. मागे मीनाबाई होत्या, कामावरून तशाच आलेल्या, आणि त्यांचा हात धरून रूपाली.

मीनाबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पूर्वीसारखंच ओठांनी एकेक अक्षर उच्चारत त्यांनी वाचलं. सूरजच्या नावापाशी थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रूपालीने फोन काढून माझा फोटो घेतला. अण्णा हात जोडून उभे होते.

‘मीनाबाई, चुकलं माझं. आणि काय लिहू सांगा.’

मीनाबाई माझ्यावरची नजर न काढता म्हणाल्या, ‘समदं बरोबर लिवलंय. एक ऱ्हायलंय बघा. त्या दिवशी मी बी वाचून हासलं हुतं. व्हय की अण्णा, म्हणलं हुतं. माझा लेक तिकडं पडला हुता, आन् मी व्हय म्हणलं हुतं. ते बी लिवा.’

अण्णांनी खडू वाटीत बुडवला, माझ्यापर्यंत आणला, पण तो टेकवता आला नाही. रूपाली आईला मिठी मारून रडू लागली. खडूचं पाणी थेंबाथेंबाने माझ्या पायथ्याशी गळत राहिलं.

मित्रांनो, ती ओळ कुणी लिहिली नाही. अण्णांच्या सहीखाली तेवढी जागा अजून रिकामी आहे. सकाळची उन्हं तिरपी पडली की तिथेच ती जुनी ओळही दिसते. तालमीतले लोक म्हणतात, फळ्याला नवा काळा रंग द्यायला हवा. जरूर द्या, माझं छप्परही नीट करा, मी म्हातारा झालो आहे. माझ्यावर पुन्हा मॅचचे निकाल लिहा, पुराचं पाणी लिहा, राज्यकर्त्यांना हवे तेवढे टोमणे मारा.

पण ‘ओळख पटली नाही’ अशी बातमी आली, तर तिच्याखाली काही लिहू नका. तेवढी जागा मोकळी सोडा. त्या वेळी कुणाची तरी आई फोन कानाला लावून माझ्याच समोर उभी असेल, आणि तिला मी वाचता येतो.