प्रकरण चार दोनदा वाचावं

पाळकीणबाई थकल्या होत्या, आणि कशाने थकल्या ते सांगायची सोय नव्हती. पुस्तकं वाचून वाचून जीव मेटाकुटीला आलाय, असं कुणाला सांगणार? लोक हसले असते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधली उपासना संपली की पाळकसाहेब मंडळीला तीन पुस्तकं सुचवत: एक विश्वासात वाढण्यासाठी, एक न्यायाबद्दल, एक पुढारपणाबद्दल. शिवाय ऐकायला एखादा पॉडकास्ट. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे वाचन बंद सांगितलं. यादीत खंड नको म्हणून त्या वेळी बाईंनीच पुस्तकं वाचून काढली, ठळक अक्षरात टिपणं लिहून दिली, आणि साहेबांनी ती व्यासपीठावरून सांगितली. पुढे डोळा बरा झाला. टिपणं चालूच राहिली. आधी साहेबांना वेळ नव्हता, मग सवय राहिली नाही, आणि शेवटी शेवटी तो विषय काढायची दोघांनाही चोरी झाली.

सकाळी बाई शाळेच्या ऑफिसात दाखले टाइप करत. बसमध्ये जाताना विश्वास, येताना न्याय, आणि संध्याकाळी साहेबांच्या झग्याला इस्त्री करताना कानात पुढारपण. तो पॉडकास्टवाला दर भागात सांगायचा, की चांगल्या पुढाऱ्याने पुरेशी विश्रांती घ्यायला हवी. बाई मान डोलवायच्या आणि दुसरी बाही पसरायच्या.

"या पुस्तकानं मला रात्रभर झोपू दिलं नाही," साहेब एकदा व्यासपीठावरून म्हणाले होते. आदल्या रात्री ते साडेनऊलाच घोरत होते. तेव्हा बाईंना बाकावर बसल्या बसल्या हसू आवरेना. आता तसलं काही कानावर पडलं तरी त्या नुसत्या चष्मा पुसत.

त्या मंगळवारी दुपारी कडी वाजली. दारात मावशी उभ्या होत्या. मंडळीच्या वृद्धाश्रमात वरच्या मजल्यावर त्यांची रात्रपाळी असे. आश्रमातल्या साऱ्या आयांना मावशीच म्हणत, पण या अठरा वर्षांच्या जुन्या. काखेत न्यायावरचं निळं पुस्तक होतं, त्यावर मंडळीच्या कपाटाचा शिक्का.

"साहेब आहेत? मला कामावरून काढलंय."

साहेब बाहेरच्या खोलीत येऊन बसले. बाई पाणी घेऊन आल्या आणि दाराशीच थांबल्या.

मावशींनी घोटभर पाणी पिऊन सगळं सांगितलं. वरच्या मजल्यावर बावीस खाटा. बहुतेकांना आपलं आपण कुशीवर वळता येत नाही. दर दोन तासांनी त्यांना वळवायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यावर सही करायची, असा नियम. रात्री बावीस जणांना माणूस एकच.

"एकटीनं बावीस जण वळवून होत नाहीत, साहेब. दहा होतात. बाकीच्यांपुढे नुसती सही मारायची. सगळ्याच मारतात, मीही मारली. पडून पडून म्हाताऱ्यांच्या पाठी फुटल्यात."

"आश्रमाच्या कमिटीला सांगितलंत?"

"तोंडी दोनदा. मग तुम्ही हे पुस्तक सुचवलंत. त्यात लिहिलंय ना, जे दिसतंय ते तारखेनिशी लिहा. तशी मी बारा रात्री लिहून काढल्या. खोट्या सह्यांचंही लिहिलं, माझ्यासकट. पत्र सरांच्या हातात दिलं."

सर म्हणजे कमिटीचे सेक्रेटरी, निवृत्त हेडमास्तर.

"सर म्हणाले, तुमच्याच लेखी तुम्ही खोट्या सह्या केल्यात, आता तुम्हाला ठेवायचं कसं? शुक्रवारी कमिटीत शिक्कामोर्तब आहे. साहेब, तुम्ही कमिटीत आहात. ज्या पुस्तकापायी माझं काम गेलं ते तुम्ही सुचवलंय. नुसतं एवढं सांगा, की मी पुस्तकाबाहेरचं काही केलं नाही."

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "हं. आता नेमकं कुठं आहे ते..."

"प्रकरण चार. दोनदा वाचा म्हणाला होतात."

साहेब पानं चाळू लागले. बाईंना ते बघवेना.

"पान एकशे अठरा," त्या दारातून म्हणून गेल्या. "लिहिताना आपली चूक आधी लिहा. नाहीतर ते पत्र राहत नाही, चहाडी होते."

मावशींनी साहेबांकडे बघितलं, मग बाईंकडे. साहेबांची मान खाली गेली.

"असं होय," मावशी म्हणाल्या. जरा वेळाने पुस्तक साहेबांच्या हातातून काढून घेत उठल्या. "कुणी का वाचेना. मी तर वाचलंय ना."

त्या गेल्यावर साहेबांनी दार लावलं. मग म्हणाले, "अगं, तुझं त्या प्रकरणाचं टिपण कुठं आहे?"

"देणार नाही."

"शुक्रवारी मला बोलावं लागेल."

"मग वाचा. कपाटात दुसरी प्रत आहे." बाई भिंतीला टेकल्या. "अहो, मला आता होत नाही. नऊ वर्षं मी तुमच्यासाठी वाढले. न्यायात वाढले, विश्वासात वाढले. माझी मी कधी वाढले ते मला आठवत नाही."

बुधवारी आणि गुरुवारी साहेब चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचत बसले. मध्येच हाक मारायचे, "अगं, हे..." आणि स्वतःच गप्प व्हायचे. बाईंनी त्या दोन दिवसांत एकही पान उलटलं नाही. बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या आणि एक थांबा पुढे जाऊन उतरल्या.

शुक्रवारी चार वाजता कमिटी बसली. मावशींना सोबत एक माणूस आणायची मुभा होती. त्यांनी पाळकीणबाईंना आणलं. सरांनी चष्मा सावरून पत्र वाचायला घेतलं. सर काही वाईट नव्हते. आश्रमाचा गाडा एकट्याने ओढून पिचले होते.

"माणूस मिळत नाही रात्रपाळीला," ते म्हणाले. "चार वेळा जाहिरात दिली. पण म्हणून खोट्या सह्या चालतील का? उद्या सरकारी तपासणी आली तर?"

"मला बोलायचंय," साहेब उठले. "मी ते पुस्तक काल-परवा वाचलं. त्याआधी वाचलं नव्हतं. नऊ वर्षं मी न वाचलेली पुस्तकं तुम्हाला सुचवतोय. वाचायची ही."

सगळ्यांनी बाईंकडे वळून बघितलं. बाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"साहेब, त्याचा इथं काय संबंध?" सर वैतागून म्हणाले.

"खोट्या सह्यांसाठी मावशी गेल्या, तर माझंही बघायला लागेल, एवढाच. आणि या वर्षात मी एकदाही वरच्या मजल्यावर गेलेलो नाही. आता जातोय. कुणी येतंय?"

ते खरंच निघाले. पाळक एकटे वर गेलेले बरं दिसणार नाही म्हणून कमिटीतले बाकीचे आठ जण कुरकुरत मागोमाग जिना चढले.

अकरा नंबरच्या खाटेवर सरांची थोरली बहीण होती. मावशींच्या पत्रात कुणाचं नाव नव्हतं. खाटेशी आल्यावर मावशी थबकल्या आणि त्यांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "दाखवा."

"बाई, त्या बाजूनं धरा. खांदा आणि कंबर. ओढू नका, माझ्याबरोबर वळवा."

पाळकीणबाईंनी हात घातला. म्हातारीचं वजन काहीच नव्हतं, तरी ते अंग हलवताना त्यांच्या पाठीत कळ गेली. कुशीवर वळवल्यावर पट्टी सरकली. कमरेखाली तळहाताएवढी जखम होती. कमिटीतले एक जण खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"ताई," सर वाकून म्हणाले, "तू बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू?" म्हातारी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "तू दारातनं विचारतोस, बरं आहे ना? मी म्हणते, बरं आहे. तुझ्यामागं किती कामं."

सर स्टुलावर बसले. खाली जायला कुणी निघेना. अखेर सरच म्हणाले, "मावशींना आजपासूनच घ्या. आणि तो तक्ता काढा भिंतीवरून. जेवढं होईल तेवढंच लिहायचं." मग त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि बहिणीला विचारलं, पाणी हवंय का.

एवढ्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. रात्रपाळीला दुसरं माणूस महिनाभर मिळालं नाही. पहिल्या रविवारी साहेबांनी मंडळीसमोर सगळं सांगितलं आणि यादीऐवजी आश्रमात मदतीला येणाऱ्यांची नावं मागितली. चारशे माणसांतून सात नावं आली. तिघांनी बिशपांकडे पाळकांची तक्रार केली. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. बदली होईल असं लोक बोलतात. एका काकूंनी बाईंना गाठून विचारलं, "मग आता पुस्तकं तुम्हीच सांगणार का व्यासपीठावरून?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "काही दिवस नुसतं बसू द्या मला."

सात नावांत त्या दोघांची नावं धरलेली होती. गुरुवारी संध्याकाळची पाळी त्यांच्याकडे आली. मावशींनी साहेबांना शिकवलं: हात आधी चोळून ऊब आणायची, मग अंगाला लावायचा. साहेब पहिल्यांदा विसरलेच.

"आई गं!" सात नंबरचे आजोबा ओरडले. "कोण आहे हा? हात आहेत का बर्फ?"

"पाळक आहेत आजोबा," मावशी म्हणाल्या.

"असू दे. हात गरम करून या म्हणावं."

साहेब ओशाळून हात चोळत उभे राहिले. बाई पलीकडच्या बाजूला आजोबांचा खांदा धरून होत्या. पाय भरून आले होते, आणि अजून पंधरा खाटा बाकी होत्या.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"हं. आता धर."

दोघांनी मिळून आजोबांना खिडकीच्या बाजूला वळवलं.