आवडाबाईंचे धवले मी पुसले

मित्रांनो, ठाण्यातल्या बाळकुमच्या एका घरात देव्हाऱ्याशेजारच्या टेबलावर पिवळट पडलेला एक डबा दिसेल, तो मी. मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो आणि सुरू व्हायला मला एका चहाचा वेळ लागतो. पण आज रडगाणं म्हाताऱ्या हाडांचं नाही. माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मी आधी कोलशेतच्या एका कारखान्यात होतो. तिथून जयेशने मला सेकंडहँड आणलं, तेव्हा तो डिप्लोमाला होता. त्याच्या आजीने, आवडाबाईंनी, मला हळदकुंकू लावून नारळ फोडला. काय तो थाट! जयेशचे प्रोजेक्ट, त्याची बहीण दक्षता हिचे निकाल, गल्लीतल्या निम्म्या पोरांचे फॉर्म माझ्यावरच भरले गेले. तेव्हा सगळे मला हुशार म्हणत.

आवडाबाई धवलारीण होत्या. म्हणजे आमच्याकडच्या लग्नात हळदीपासून विधींची गाणी, धवले, म्हणणारी बाई. त्यांच्याशिवाय गावात हळद लागत नसे. गाणी कुठे लिहिलेली नव्हती, सगळी तोंडपाठ. गुडघे गेले तसं त्यांचं बाहेर जाणं थांबलं, तेव्हा दक्षताने उंबऱ्यात बसवून एकवीस धवले मोबाइलवर टिपले. मोबाइल भरला म्हणून ते माझ्याकडे पाठवले आणि मोबाइलवरून काढून टाकले. ते येऊन पडले ते माझ्या ‘डाउनलोड्स’ नावाच्या कप्प्यात, आणि तिथेच राहिले.

त्या दिवशी आवडाबाई माझ्यासमोर बसून स्वतःचाच आवाज ऐकत होत्या. म्हणाल्या, “पोरी, मी नसले तरी माजा आवाज आसंल ना गो तुज्या हळदीला?”

“असेल गं आजी. हा बघ, ह्याच्यात ठेवलाय.”

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुढच्या भाद्रपदात त्या गेल्या.

दुसऱ्या वर्षी दक्षताचं लग्न ठरलं. जयेश आमंत्रणाचा व्हिडिओ करायला बसला आणि मी जागच्या जागी अडून बसलो. जागाच नव्हती. “च्यायला, किती स्लो झालाय हा डबा!” म्हणत त्याने माझ्यातलंच साफसफाईचं साधन उघडलं, डिस्क क्लीनअप. मी काय काय फेकता येईल त्याची यादी मांडली, प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन. जयेशने वरपासून खालपर्यंत सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. त्या यादीत डाउनलोड्सही होतं. ‘या तुमच्या स्वतःच्या फाइली आहेत’ असं मी बारीक अक्षरांत लिहिलं होतं हो! पण ते वाचतो कोण? ‘नक्की पुसायचं?’ विचारलं, तर तो हो म्हणाला. मी हुकमाचा ताबेदार. पुसलं. असं पुसलेलं कचऱ्याच्या टोपलीतसुद्धा सापडत नाही.

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण मी आणखी पळावं म्हणून त्याने डीफ्रॅगही लावलं. विखुरलेले तुकडे गोळा करून मोकळ्या जागेत ओळीने रचायचे, असं ते काम. आवडाबाईंचा आवाज होता त्या जागेवर मी दुसरंच काहीबाही नेऊन ठेवलं. मन लावून, दुपारभर.

दोन दिवसांनी दक्षता गाणी निवडायला बसली. कप्पा रिकामा.

“दादा, आजीचे धवले कुठायत?”

जयेशचा चेहरा उतरला. “मी... मी फक्त साफ केलेलं गं.”

तो मला रिक्षात घालून डोंबिवलीला साईनाथकडे घेऊन गेला. संगणकाच्या दुरुस्तीत साईनाथचे केस पिकलेत. त्याने मला उघडलं, तासभर शोधलं आणि हात झटकले. “अरे, पुसल्या पुसल्या बंद करून आणला असतास तर काहीतरी काढलं असतं. तू वरून डीफ्रॅग मारलास. आणि बॅकअप?”

मित्रांनो, बॅकअपची आठवण मी जयेशला तीन वर्षं करून देत होतो. प्रत्येक वेळी तो ‘नंतर’ दाबायचा.

हळदीच्या दिवशी म्हाताऱ्या बायका जमल्या आणि आठवेल तसं गायल्या. एकीने ओळ उचलली, दुसरीने पुढे नेली. पण तेल चढवायच्या धवल्यात सगळ्याच अडल्या. दक्षता हळदीच्या अंगाने ढसाढसा रडली. “आजी, मी तुला ठेवलं होतं गं,” एवढंच म्हणत होती. जयेश मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला.

त्या बायकांचं गाणं मांडवात कुणीतरी मोबाइलवर टिपलं होतं, ते आता माझ्याकडे आहे. जयेशने त्याच्या तीन प्रती केल्यात आणि दर रविवारी तो बॅकअप घेतो. कधी कधी एकटाच ऐकतो. बायका अडतात तिथे थोडा वेळ नुसत्या बांगड्या वाजतात. तेवढ्यात तो पुढची ओळ आठवून बघतो. त्याला ती येत नाही.

मित्रांनो, आमच्या पोटातली साधनं वाईट नाहीत. पण आम्हाला आजीचा आवाज आणि कचरा यांतला फरक कळत नाही, तो तुम्हालाच कळायला हवा. खूण करण्याआधी ओळ वाचा. जपायचं असेल ते दोन ठिकाणी ठेवा, आणि आजच ठेवा.

मी आता बरा चालतो. माझ्यात भरपूर जागा मोकळी आहे. एकवीस धवले सहज मावतील.