गुहिऱ्यांची आलमारी

मित्रांनो, मी एक जुनी जाळीची आलमारी आहे. मला तीन पाय आहेत आणि चौथ्याच्या जागी एक दगड आहे. तो दगड तिथे कसा आला, ते आज सांगते. जुन्या वस्तू सगळ्यांना क्षमा करतात, असे तुम्ही धड्यांत वाचले असेल. मी नाही केली.

आपला यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या साली आर्णीच्या नासिर मिस्त्रीने मला घडवले. अंग सागवानाचे आणि चारही बाजूंना बारीक तारेची जाळी. तांड्यावरच्या खेमसिंगने मला विकत नेले. त्याच्या घरी मी दूध, लोणी, तूप सांभाळले. मांजरीने माझ्यापुढे हात टेकले. मुंग्यांसाठी मात्र एक रीत असते. आलमारीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, म्हणजे मुंगी वर चढत नाही. वाट्या भरायचे काम धन्याचे. मला काही हात नाहीत.

एका होळीला खेमसिंग वाट्या भरायला विसरला. पाहुणे जेवायला बसले आणि तुपात मुंग्याच मुंग्या! चारचौघांत त्याची शोभा झाली. चोराच्या उलट्या बोंबा! "हे आलमारीच पनवती हाये," असे ओरडत त्याने मला लाथ घातली. माझा पाय मोडला. मग त्याने मला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन फेकले.

धुऱ्यापलीकडचे शेत त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाचे होते. भावाची बायको रुपीबाई ते एकटी कसायची. खेमसिंग दर पेरणीला धुरा तिच्या बाजूला थोडा सरकवायचा. यंदा तर त्याने हद्दीचा एक खोटा दगडही रोवला होता. रुपीबाई सगळे पाहायची, पण बोलायची नाही. घरची रीतच तशी होती. जेठ, म्हणजे थोरला दीर, समोर आला, की डोईवरची ओढणी पुढे ओढायची आणि त्याच्याशी तोंड उघडायचे नाही. खेमसिंगला ही रीत फार आवडायची.

त्या पेरणीत धुरा कोरताना त्याच्या नांगराचा फाळ खोल गेला आणि मातीतून सरडगुहिऱ्याची, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याची, अंडी वर आली. काही चिरडली. काहींतून बोटाच्या पेराएवढी पिल्ले बाहेर पडली. खेमसिंगची बोबडी वळली. गुहिरा शिवला तर माणूस पाणी मागत नाही, अशी आमच्याकडची समजूत. तो लांबूनच धोंडे मारत सुटला. भीतीने त्याचे नेम चुकत होते, म्हणून पाच पिल्ले वाचली.

तो गेल्यावर रुपीबाईने कडुनिंबाच्या काडीने एकेक पिल्लू उचलून माझ्यात ठेवले आणि मला डोक्यावर घेऊन घरी आणले. ओसरीवर तिची मैत्रीण आयशाबी बसली होती. ती आर्णीहून बांगड्या विकायला यायची.

"या अल्ला! हे काय आनलं वं रुपी? मरायचं हाये काय तुले?"

"मी कायले मरू? यायले मोठं करीन अन जेठाच्या घरात सोडीन."

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? हे ऐकून माझ्या मोडक्या पायातसुद्धा बळ आले.

पण पिल्ले तर मरायला टेकली होती. डोळे खोल गेलेले आणि कातडी सुरकुतलेली. रुपीबाईने वाटीत पाणी ठेवले, तर एकही वाटीकडे फिरकेना. ऊन फार म्हणून तिने माझ्यावर आपली आरसे जडवलेली ओढणी पांघरली. नवरा गेल्यापासून ती पेटीत पडून होती. आतून पाहिले तर जाळीपाशी आरसेच आरसे! प्रत्येक आरशात पिल्लांना दुसरा गुहिरा दिसे. ती काळी पडली, फुगली, खाईनाशी झाली. सकाळी एक मरून पडले होते.

"मेल्या, मराचंच होतं तं त्याच्या घरी जाऊन मराचं!" रुपीबाई रडत म्हणाली.

तेवढ्यात दुसऱ्या पिल्लाने आरशावर तोंड वासले. त्याच आरशात रुपीबाईला आपलाही चेहरा दिसला आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. तिने ओढणी उलटी केली. आरसे बाहेर गेले आणि आत नुसती सावली राहिली.

मग तिने माझे रूपच पालटले. मेलेल्या पिल्लाला मुंग्या लागल्या होत्या. तिने माझ्या मोडक्या पायाखाली वीट दिली आणि सगळीकडे वाट्या मांडल्या. त्या ती रोज न चुकता भरायची. एक पिल्लू पानावरचा थेंब चाटताना दिसले, तेव्हा तिने महादेवाच्या पिंडीवर असते तशी गळती माझ्या माथ्यावर टांगली. प्रत्येकाला वेगळ्या कोपऱ्यात बोरीची डहाळी दिली, कारण एकमेकांना पाहून ती रुसत. आंब्याच्या सालींवर चिलटे जमत आणि लांब जिभा सपकन बाहेर पडत. पिल्ले हिरवीगार झाली. अशी चाकरी खेमसिंगने माझ्या तुपाचीसुद्धा केली नव्हती.

एकदा डहाळी बदलताना एक पिल्लू तिच्या बोटावर चढले आणि घट्ट धरून बसले. रुपीबाईने आयशाबीला घराची किल्ली दिली आणि मरणाची वाट पाहत खाटेवर पडून राहिली. संध्याकाळी तिला भूक लागली. ती उठून भाकरी थापायला बसली.

"जहर नाही वं यायच्यात," ती हताशपणे म्हणाली. इतके दिवस जपलेला सूड बिनदाताचा निघाला होता.

"तुले समजलं," आयशाबी हसली, "पन तुह्या जेठाले कुठं माहीत हाये?"

रुपीबाईने पिल्लांच्या गळतीत पाणी भरले. मग म्हणाली, "त्याच्या घरात सोडले तं तो धोंडा घालन. माहे लेकरं मी नाही देत त्याले."

सकाळी तिने चारही गुहिरे आपल्या कुंपणाच्या बोरीवर सोडले. मग मला, रिकामीला, डोक्यावर घेऊन ती निघाली. डोईवर घेतलेल्या त्याच ओढणीचे आरसे उन्हात चमकत होते. खेमसिंगच्या उंबऱ्यावर तिने मला ठेवले, माझे दार सताड उघडले, ओढणी पुढे ओढली आणि माझ्याशी बोलू लागली. जेठाशी बोलायची बंदी होती, आलमारीशी नव्हती.

"आलमारे, सांग तुह्या जुन्या धन्याले. धुऱ्यावरचे गुहिरे होते, मोठे झाले. आज दार उघडलं. आता तुह्यात एकबी नाही."

एक शब्द खोटा नव्हता. खेमसिंग खाटेवर चढला तो उतरेच ना. रुपीबाईने मला पुन्हा डोक्यावर घेतले आणि आपल्या अंगणात आणून ठेवले.

त्या दिवसापासून तो अंगणात बैलगाडीवर झोपू लागला. पागोटे झटकायचा, जोड्यात काठी घालून पाहायचा, कोठीत हात घालायला घाबरायचा. आठवडाभरात त्याच्या डोळ्यांखाली काळे पडले. शेवटी तो रुपीबाईच्या अंगणात आला. "माय, तुहे गुहिरे घेऊन जा वं!"

"आलमारे, सांग," रुपीबाई म्हणाली, "धुरा आपल्या जागी गेला का गुहिरेबी आपल्या जागी जातीन. अन तो खोटा दगड इथं आनून दे म्हना. तुह्या पायाले पाह्यजे."

मित्रांनो, ज्याने मला लाथ घातली, त्यानेच धुरा मागे नेला. तो दगड खांद्यावर आणला आणि माझ्यापुढे गुडघे टेकून माझ्या मोडक्या पायाखाली सरकवला. वाटीत पाणीही त्यालाच घालावे लागले.

आता मी म्हातारी झाले आहे. तुमच्या घरी जाळीची आलमारी असेल, तर तिच्या वाट्या आठवणीने भरत जा. आम्हांला हात नसतात, तोंड नसते. पण आमच्याशी बोलणारे कोणीतरी असतेच.