ईनबाई मागे बसल्या

माझ्या पिकअपमध्ये एरवी संत्री बसतात. त्या दिवशी पाहुणे बसले होते, आणि या दोन्हींतला फरक माझ्या डोक्यात शिरेपर्यंत दुपार टळून गेली.

पाहुणे म्हणजे पांढुर्ण्याचे यशवंतराव, त्यांच्या घरच्या चंद्रकलाबाई आणि त्यांचा मुलगा अतुल. माझा थोरला भाऊ मोतीराम, त्याच्या पोरीला, दिपालीला पाहायला ते सौंसरच्या बसने आले होते. पोहे झाले, चहा झाला. यशवंतराव गोड बोलत होते, अतुल मान खाली घालून खात होता. पण निकाल ज्यांच्या हाती होता त्या चंद्रकलाबाईंनी तोंड म्हणून उघडलं नाही. पोरगी पसंत आहे की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. याआधी दोन ठिकाणचे लोक 'कळवतो' म्हणून गेले ते गेलेच. त्यामुळे मोतीरामचा जीव टांगणीला लागला होता, आणि तो सारखा माझ्याकडे पाहून भुवया उडवत होता, जसं काही मलाच सगळं समजून राहिलं होतं.

मग यशवंतरावांनी नदीपलीकडची बाग पाहायची इच्छा बोलून दाखवली. चंद्रकलाबाई म्हणाल्या, पोरीलाही येऊ द्या. हे लक्षण चांगलं की वाईट, यावर आम्हा भावांची गोठ्यामागे खलबतं झाली, ठरलं काहीच नाही.

नदीवरचा रपटा, तो ठेंगणा पूल, मागच्या पुरात वाहून गेला, तेव्हापासून आमचं गाव पात्रातल्या कोरड्या रेतीतूनच ये-जा करतं. ट्रॅक्टरवाल्याला त्याचं काही नाही. माझ्या गाडीची जोर लावणारी चाकं दोनच, तीही मागची. गाडीत खताची पोती लादलेली होती, ती बागेत उतरवायची होती. पाहुण्यांसोबत खत नेतो म्हणून मोतीराम माझ्यावर चिडला. शेवटी यशवंतराव आणि चंद्रकलाबाई माझ्या शेजारी पुढे बसले, कारण मानाची जागा तीच. बाकीचे मागे पोत्यांवर नवी गोधडी अंथरून बसले. गाडी रेतीतून कुरकुर न करता पार झाली. बागेत सगळ्यांनी संत्री खाल्ली. चंद्रकलाबाईंनी साल कुठे टाकायची एवढंच विचारलं.

येताना मात्र नदीच्या मधोमध गाडी फसली.

मला काही समजेना. जाताना खताने भरलेली गाडी सुरळीत गेली, आणि आता पाहुण्यांना द्यायचे संत्र्यांचे दोन-तीन क्रेट आणि मागची तीन माणसं सोडली तर रिकामीच होती. रिकामी गाडी फसतेच कशी? मी ॲक्सिलेटर दाबला, चाकं जागच्या जागी फिरली आणि काय झालं ते पाहायला उतरून मागे उभ्या राहिलेल्या मोतीरामच्या तोंडावर रेती उडाली.

तिथून सल्ले सुरू झाले. मोतीराम म्हणाला गाडी हलकी करा. मागचे बाकीचेही उतरले, मी पुन्हा दाबला, गाडी थोडी आणखी खाली गेली. यशवंतराव म्हणाले रिव्हर्स मारा. मी मारला, आता दोन्हीकडून खड्डा झाला. अतुलने कुठेतरी मोबाइलवर पाहिलं होतं की टायरची हवा कमी करावी. मी विचारलं, मग भरायची कोणी, तुझ्या तोंडाने? बोलल्यावर जीभ चावली, होणारा जावई होता तो. मग मीच निमूटपणे काडीने हवा सोडली. क्रेट उतरवले, गाडी आणखी रुतली. चाकांपुढची रेती हातांनी उपसली, आणि शेवटी मोतीरामने स्वतः ती नवी गोधडी मागच्या चाकांखाली कोंबली. एक ना धड, भाराभर चिंध्या.

चंद्रकलाबाई या सगळ्यात पुढेच बसून होत्या. मानाच्या पाहुणीला रेतीत पाय ठेवावा लागू नये म्हणून मोतीराम त्यांचं दार धरून उभा होता. त्यांचा चेहरा जसाच्या तसा. हे स्थळ इथेच, या रेतीत पुरलं जाणार, अशी माझी खात्री पटत चालली होती आणि मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. दिपाली माझ्या मांडीवर वाढलेली पोर आहे.

तीच पोर तेवढ्यात दाराशी आली आणि म्हणाली, "मावशी, तुमी मांगं बसा. जातानी खताचे पोते होते म्हणून गाडी निंघाली. चाकावर वजन पाह्यजे, अन् आपल्या सगळ्यायमंधी तुमचंच वजन कामाचं हाय."

मोतीरामने डोळे मिटले. यशवंतराव खोकले. ते स्वतः म्हणजे पऱ्हाटीची काडी, त्यांना बसवून उपयोग नव्हता, हे मलाही दिसत होतं. पण होणाऱ्या सासूला पोत्याच्या जागी बसवायचं?

चंद्रकलाबाईंनी दिपालीकडे पाहिलं. मग लुगड्याचा ओचा खोचला आणि खाली उतरल्या. एका क्रेटमधली संत्री गाडीत ओतून तो पालथा केला, त्यावर पाय दिला, दिपालीच्या खांद्यावर हात टाकला आणि वर चढून पार मागच्या फाळक्याशी जाऊन बसल्या. दिपालीने उतरवलेले बाकीचे क्रेट वर चढवून तिथेच ओढून घेतले, आणि स्वतः त्यांना खेटून बसली. तिन्ही पुरुषांनी मागून खांदे लावले.

"काका," दिपाली ओरडली, "दुसऱ्या गेरात टाका, अन् दाबू नका. काठ येईपर्यंत थांबू नका."

मी तसंच केलं. गाडी क्षणभर थरथरली, गोधडीवर चढली, आणि चालू लागली. माझा विश्वासच बसेना. मागे तिघेही रेतीत पालथे पडल्याचं आरशात दिसलं, पण थांबणार कसा? लुगड्याचा पदर तेवढा आरशात फडफडत होता. पाहुण्यांना नदीत टाकून मी त्यांची बाई पळवून नेतोय, असं काहीतरी माझ्या मनात येऊन गेलं. काठाच्या मुरमावर चाकं लागली तेव्हा मी घामाने ओला झालो होतो.

उतरलो आणि हात जोडून मागे गेलो. पोर अजाण आहे, बोलून गेली, मनावर घेऊ नका, असं बरंच काही म्हणालो. चंद्रकलाबाईंनी हातानेच मला थांबवलं.

"लग्न झाल्यापासून लोक माह्या मांगं जड जड म्हणून हासून राह्यले भाऊ. तोंडावर म्हणणारी अन् कामाला लावणारी हे पह्यलीच." मग त्यांनी लुगड्यावरची रेती झटकली. "आमची पसंती झाली. पण पोरीले कोणी इचारलं का, तिले आमचा पोरगा पसंत हाय का?"

गेले आठ-पंधरा दिवस घरात दुसरं बोलणं नव्हतं. पोहे किती करायचे हे विचारलं होतं, साडी कोणती नेसवायची हे विचारलं होतं. हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

दिपाली नदीकडे पाहत होती. मोतीराम आणि यशवंतराव चपला हातात घेऊन पायी येत होते. अतुल अर्ध्या वाटेतून मागे फिरला होता. चाकाखाली राहिलेली आमची गोधडी त्याने रेतीतून ओढून काढली, दोन्ही हातांनी झटकली, आणि तिथेच उभा राहून नीट घडी घालू लागला. तिकडे बापाने दोनदा हाका मारल्या, तरी तो घडी पुरी झाल्यावरच निघाला.

"हो म्हणा, काका," दिपाली म्हणाली.

कोणाला हो म्हणायचं ते मला त्या गोंधळात कळेना, म्हणून मी चंद्रकलाबाईंकडे, आता विहीण झालेल्या आमच्या ईनबाईंकडे, पाहिलं. त्या क्रेटमधलं एक संत्रं काढून सोलत होत्या. साल त्यांनी कोणाला न विचारता खाली टाकली आणि अर्धं संत्रं दिपालीच्या हातावर ठेवलं.