टेक्सासच्या गोळीचा साचा

शशिधर टिपणीस लंडनजवळच्या स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलमेकर होता. पोलादात केसाएवढा फरक असला तरी त्याच्या बोटांना कळायचा. माणसांतला फरक मात्र ढळढळीत समोर आला तरी कळायचा नाही, असं त्याची बायको मंजिरी म्हणायची, आणि तिचं बहुतेक वेळा खरं ठरायचं.

त्याला नेमबाजीचा नाद होता. दर गुरुवारी तो क्लबात जायचा. सत्त्याण्णव साली सरकारने रिव्हॉल्व्हर बाळगायला बंदी केली, तेव्हा त्याने आपलं रिव्हॉल्व्हर पोलिसांकडे जमा केलं आणि त्या दिवशी तो जेवला नाही. पुढे क्लबात रायफलीच उरल्या. कुणाच्या रायफलीचा घोडा अडकला, कुणाचा स्क्रू झिजला, की सगळे 'सिड'कडे यायचे. शशिधर म्हणणं कुणाला जमलं नव्हतं आणि त्यानेही कधी आग्रह धरला नव्हता.

दोन हजार चारच्या सप्टेंबरातल्या एका गुरुवारी क्लबाचा सेक्रेटरी डेरेक चहाचा मग घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसला. "वी आर ऑफ टू टेक्सास इन नोव्हेंबर, सिड," तो म्हणाला. तिकडे डेरेकच्या चुलतभावाचं मोठं रान होतं, रानात डुकरं होती, आणि भावाकडे शिकारीचं रिव्हॉल्व्हर होतं. भाऊ गोळ्या घरीच शिसं वितळवून ओतायचा, पण त्याचा साचा रद्दड होता. "साचा कुठला घ्यायचा ते तू ठरव," डेरेक म्हणाला. "त्यातलं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही."

हे सगळं झालं इंग्रजीत. गाडी चालवत घरी पोचेपर्यंत शशिधरच्या डोक्यात त्याचं मराठी झालं होतं. दारातूनच तो म्हणाला, "मंजू, नोव्हेंबरात आपण टेक्सासला जातोय. म्हणजे मी, डेरेक आणि क्लबातला ग्रॅहम."

मंजिरी पोळ्या लाटत होती. "अहो, नोव्हेंबरात ईशानीचं लग्न आहे."

ईशानी म्हणजे कोल्हापूरच्या आशाची, शशिधरच्या सख्ख्या बहिणीची, एकुलती एक मुलगी. आणि शशिधर तिचा एकुलता एक मामा. मुलीला हाताला धरून मांडवात आणायचं ते मामाने, हे काय मराठी माणसाला सांगायला हवं? पण तारखा एकाच आठवड्यात आल्या.

"तीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांनी त्यांच्यातला मानलंय गं," शशिधर म्हणाला. "नाही कसं म्हणू?"

"नक्की विचारलंय ना तुम्हाला? काय म्हणाला तो? एक्झॅक्टली काय म्हणाला?"

"आता काय कुंकू लावून आमंत्रण द्यायचं त्याने?"

"आपल्यात तर तसंच देतात," मंजिरी म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

रविवारी त्याने आशाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, मामा तू एकच आहेस रे तिला."

"मुरलीधर आहे ना. चुलत असला तरी मामाच की," शशिधर म्हणाला. मुरलीधर त्यांचा चुलतभाऊ, सांगलीला राहणारा, भला माणूस. आशा बरं म्हणाली. बहिणी भावाला बरं म्हणतात तेव्हा काही बरं नसतं, हे शशिधरला माहीत होतं. त्याने ते बाजूला सारलं आणि साच्याकडे वळला.

आणि काय वळला! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते याच्याकडे बघून म्हटलं असावं. त्याने बूट घेतले, कारखान्यात रजा टाकली, आणि शेडमध्ये कॅटलॉग पसरून बसला. टोकदार गोळी त्याने पहिल्यांदा बाद केली. डुकराच्या खांद्यावर ढालीसारखं जाड कातडं असतं, त्याला सपाट डोक्याचीच गोळी हवी. अ‍ॅल्युमिनियमचा साचा हलका, पण लवकर थंड होतो, आणि मग गोळीवर सुरकुत्या पडतात. म्हणून साचा लोखंडी. डेरेकच्या भावाने माप कळावं म्हणून त्याच्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या चकतीच्या, तोंडांतून मऊ शिशाचे तुकडे दाबून काढले होते, ते पोस्टाने आले. शशिधरने ते मायक्रोमीटरने मोजले आणि हसला. बाजारातल्या साच्याची गोळी त्या तोंडांना किंचित सैल पडत होती. सैल गोळीच्या कडेने आग निसटते, शिसं नळीला चिकटत जातं, आणि मग नेम कसला नि कसलं काय!

बर्मिंगहॅमच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून त्याने लोखंडी साचा मागवला. मग त्यातच एक गोळी ओतली, तिला पॉलिशची बारीक पेस्ट लावली, आणि साच्यात ती हाताने फिरवत फिरवत पोकळी हवी तेवढी मोठी केली. दोन फेरे जास्त झाले असते तर साचा भंगारात गेला असता.

राहिलं वजन. डेरेकला सगळ्यात जड गोळी हवी होती. जड गोळीचा धक्काही जबर. शशिधरने आपलं मनगट वळवून पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांचं, एकदा मोडलेलं मनगट. डेरेक आणि ग्रॅहम रेड्यासारखे होते, त्यांना काहीही चाललं असतं. त्याने मधल्या वजनाच्या गोळीचा साचा निवडला होता. डुकराला तेवढं पुरत होतं आणि त्यालाही झेपत होतं. सात वर्षांनी त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर येणार होतं, पहिल्याच बाराला मनगट धरून बसायची त्याची तयारी नव्हती.

मंजिरी लग्नाच्या तयारीसाठी आधीच कोल्हापूरला गेली. निघताना म्हणाली, "तिकडे गार असेल, स्वेटर न्या." लग्नाच्या आदल्या गुरुवारी शशिधर साचा घेऊन क्लबात गेला.

डेरेकने साचा उघडला, मिटला, नमुन्याची गोळी बोटांत फिरवली. "सुरेख आहे," तो म्हणाला. "पण हलकी नाही का? ग्रॅहम आणि मी, दोघंही दणकट. याहून जड झेपली असती."

"तिघांच्या हाताचा विचार केला," शशिधर म्हणाला.

"तिसरा कोण?"

डेरेकने अगदी साळसूदपणे विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. शशिधरला मात्र त्या दोन शब्दांत सगळं कळलं.

"तुझा भाऊ," तो म्हणाला.

"अरे हो, खरंच की. किती विचार करतोस तू सिड." डेरेकने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आणि ऐक, तू हीथ्रोच्या अगदी जवळ राहतोस. मंगळवारी आम्हा दोघांना सोडशील का? पार्किंगचा वैताग असतो बघ."

"सोडेन की," शशिधर म्हणाला.

त्याने डेरेकला दोष तरी काय द्यायचा? डेरेक वाईट माणूस नव्हता, आणि चीड यायची ती त्याचीच. तो म्हणाला होता 'वी'. इंग्रजांचा तो शब्द गोणपाटासारखा, आत कोण आहे कोण नाही बाहेरून कळतच नाही. मराठीत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. पोरालासुद्धा 'आम्ही चाललो' म्हटलं की कळतं, आपल्याला नेत नाहीयेत. तीस वर्षं या देशात राहून, या भाषेत पगार घेऊन, शशिधरने 'वी' ऐकलं आणि तो 'आपण' समजला. कारण त्याला तेच ऐकायचं होतं. मंजिरीने विचारलं होतं, एक्झॅक्टली काय म्हणाला.

कोल्हापूरला जायला अजून वेळ होता. तिकीट मिळालं असतं. फक्त एक फोन करायला हवा होता. त्याने तो करायला घेतलाही, आणि मग आशाचा आवाज कानात आला, दादा, ट्रिपचं काय झालं रे? मुरलीधरला आता काय सांगायचं, बाजूला हो, मला कुणी नेलं नाही म्हणून आलोय? सगळ्या मांडवात हसं. त्याने मंजिरीला फोन केला तो एवढंच सांगायला की मंगळवारी निघतोय, मोबाइल तिकडे लागणार नाही. अभिमान हा फार हलकट प्राणी आहे. त्याने शशिधरचं भाचीचं लग्नही खाल्लं आणि लाजही राखली नाही.

मंगळवारी सकाळी त्याने दोघांना हीथ्रोला सोडलं. बॅगाही उतरवून दिल्या. साचा असलेली बॅग जड होती. ग्रॅहम म्हणाला, "चिअर्स, सिड," आणि दोघं काचेच्या दारातून आत गेले.

तो घरी आला तेव्हा बारा वाजून गेले होते. कोल्हापूरला संध्याकाळ होत आली असणार, लग्न गोरज मुहूर्तावर होतं. त्याने बूट काढले आणि तेवढ्यात हॉलमधला फोन वाजला. तो टेक्सासच्या विमानात होता, त्यामुळे फोन उचलता येत नव्हता. निरोप नोंदवणारं मशीन सुरू झालं.

"मामा, मी ईशानी." पलीकडे सनई आणि माणसांचा कालवा. "तुम्ही घरी नाही माहितेय मला. परत आलात की ऐकाल म्हणून बोलून ठेवतेय. मी गौरीहरापाशी बसलेय, मैत्रिणीने मोबाइल लावलाय कानाला. सासरच्यांना सांगितलं, आमचे मामा अमेरिकेला शिकारीला गेलेत. सगळे म्हणाले, वा. मला जरा रडू येतंय पण, का कोण जाणे. तुम्ही आशीर्वाद द्या तिथूनच."

शशिधरने हात पुढे केला. रिसीव्हरवर ठेवला.

लाऊडस्पीकरवर गुरुजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

"चल गं, ऊठ," पलीकडे कुणी बाई म्हणाली. "मामा आले बघ."