पाचवी दांडी

माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही, आणि मला त्याची लाजही वाटत नाही. भाजीवाला वजन करतो तेव्हा मी भाजीकडे नाही, त्याच्या बोटांकडे बघते. पस्तीस वर्षं अंधेरीत संसार केला, फसले असेन दोनदा, ते पण लग्नाच्या पहिल्या वर्षात.

तर गेल्या जूनमध्ये आमचे हे, म्हणजे रामनाथ, जेवताना म्हणाले, "शकु, मी एक मेंडोलिन बनवून घेतोय. हाताने. मढला एक माणूस आहे, व्हायोलिन बनवतो." माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. व्हायोलिनवाल्याकडून मेंडोलिन? पॅन्ट शिवणाऱ्याकडे ब्लाउज टाकावा त्यातला प्रकार. मी तसं म्हटलं तर हे समजवायला लागले, दोन्हीच्या तारा एकाच सुरांत लावतात, मेंडोलिनला फक्त जोडीजोडीने असतात, लांबीही जवळजवळ तेवढीच, ज्याला एक जमतं त्याला दुसरं जमणारच. तोंडपाठ करून आल्यासारखं बोलत होते.

ह्यांचं मेंडोलिन म्हणजे आमच्या घरातली माझी सवतच. दिवसा मरोळच्या छापखान्यात नोकरी आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. हळदी, गणपती, नवरात्र, कोणाचा साठीसमारंभ, काही सोडलं नाही. मी लग्नात पहिल्यांदा ह्यांच्याकडे नीट बघितलं ते ह्यांच्या बोटांकडे, आणि मला ती आवडली, हे कबूल करते. रिटायर झाल्यावर आता दिवसभर वाजवतील आणि माझं डोकं उठवतील म्हणून मी मनाची तयारी केली होती. झालं उलटंच. वाजवणं कमी झालं. का, तर म्हणे जुन्याची दांडी, डाव्या हातात धरायची ती, जाड आहे, बोटांना त्रास होतो. तीस वर्षं झाला नाही तो आत्ताच कसा झाला, असं मी विचारलं. म्हणाले, तुला त्यातलं कळत नाही. ते खरं होतं, म्हणून गप्प बसले.

पण डोळे उघडे होते ना. दर दुसऱ्या महिन्याला हे मेट्रोने वर्सोव्याला जायचे, तिथून रिक्षा, मग जेट्टीवरून बोट, पलीकडे मढ. कशाला, तर माप द्यायला. मी म्हटलं, लेहंगा शिवताय की काय, एकदा दिलेलं माप पुरत नाही? त्यावर नुसते हसले. बाकी पण बदल होताच. जन्मभर इस्त्रीचे शर्ट घालणारा माणूस टी-शर्टवर आला. लेसचे बूट सोडून चपला. चालताना डावा हात पॅन्टच्या खिशात, एकदम हिरोसारखा. बासष्टाव्या वर्षी हे काय नवीन? मढला बंगले आहेत, पार्ट्या चालतात, मला काय माहीत नाही? घरी आले की मी पाणी द्यायच्या निमित्ताने जवळ जाऊन वास घ्यायची. लाकडाच्या भुश्शाचा आणि सरसाचा वास यायचा, दुसरा कसला नाही. म्हणजे माणूस जात होता तिथेच जात होता. मग फसवणारा तो मेस्त्रीच.

नाव त्याचं इनास. डिसेंबरात देतो म्हणाला होता. डिसेंबर गेला. लाकूड अजून वाळायचंय. जानेवारीत त्याची तब्येत बरी नव्हती. फेब्रुवारीत काय तर म्हणे गावात सण होता. ही सगळी कारणं मला हे सांगायचे, आणि मला खटकायचं ते वेगळंच. हे चिडत नव्हते. गॅसवाला अर्धा तास उशिरा आला म्हणून ज्या माणसाने दोन पानी तक्रार लिहिली, तो नऊ महिने एका मेस्त्रीची वाट बघतो आणि वर त्याचीच बाजू घेतो? मी म्हटलं, निदान फोटो तरी मागवा. तर म्हणे कामाच्या मध्ये फोटो काढलेला त्याला चालत नाही. बोरिवलीला आमची मुलगी रोशनी असते, तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांना कोणीतरी गंडवतंय. तू स्वतः जाऊन ये, आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेव."

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी मी साडी बदलली आणि जाहीर केलं, आज मी मढला जाते, अर्धवट असेल तर अर्धवट उचलून आणते. ह्यांचा चेहराच उतरला. मी बोलतो ना त्याच्याशी, तू कशाला एवढ्या उन्हात, बोटीत तुला मळमळतं. जेवढं अडवायला लागले तेवढी माझी खात्री पटत गेली. ह्या दोघांचं काहीतरी संगनमत आहे, असं म्हणून मी निघाले. बोटीत होते तोपर्यंत ह्यांचे सहा फोन आले. मी एकही उचलला नाही.

घर शोधायला त्रास पडला नाही, देवळामागच्या गल्लीत विचारलं तर एका कोळणीने ओट्यापर्यंत आणून सोडलं. सत्तरीचा म्हातारा, जाड भिंगाचा चष्मा, अंगात बनियान, समोर रंधा. लबाड अजिबात दिसत नव्हता, आणि तेही मी त्याच्या खात्यावर वाईटच लिहिलं. मी नाव सांगितलं तसा तो उठला. "रामनाथची बाय? ये, आत ये." पाणी पुढे केलं, ते मी घेतलं नाही. मोबाइल पर्समध्ये चालू ठेवला होता.

खिडकीत तारेवर एक मेंडोलिनचं पोट टांगलेलं होतं. नुसतं पोट, दांडी नसलेलं, पॉलिश नाही, पांढरंफटक लाकूड. मला त्यातलं कळत नाही हे खरं, पण मी बोट वाकवून त्यावर टकटक केलं आणि ते कितीतरी वेळ घुमत राहिलं. असलं काम लबाडाच्या हातून होत नाही, एवढं मलाही कळलं. कधी झालं हे, मी विचारलं. तो म्हणाला, नोव्हेंबरात.

मग माझं डोकं फिरलं. नोव्हेंबरात झालंय तर नवऱ्याला माझ्या चार महिने काय खेळवताय, म्हाताऱ्या माणसाला पुन्हापुन्हा बोटीतून यायला लावता, आमच्याआधी दुसऱ्या कोणाला द्यायचंय का, मी रोशनीच्या ओळखीने पोलिसात जाईन, सगळं बोलले. माझं संपल्यावर त्याने कोपऱ्यातून चार दांड्या काढून टेबलावर ठेवल्या. चारही तासून, घासून पूर्ण. पाचवी रंध्याजवळ अर्धी पडलेली. दर वेळी दांडी झाली की रामनाथ येतात, पकडून बघतात, आणि अजून बारीक पाहिजे म्हणतात, असं त्याने सांगितलं.

माझा काही विश्वास बसला नाही. तेव्हा त्याने मागच्या फळीकडे बोट दाखवलं.

तिथे मातीचे पाच गोळे ओळीने मांडलेले होते. शाडूची माती, गणपतीची असते ती. इनासची मापाची रीत अशी, की काठीला ओली शाडू लिंपायची आणि वाजवणाऱ्याच्या डाव्या हातात द्यायची. त्याने ती वाजवताना दांडी पकडतो तशी पकडायची. माती वाळली की बोटं कुठे टेकतात, किती जोर लावतात, ते त्यात राहतं, आणि त्यावरून हा दांडीची जाडी ठरवतो. प्रत्येक गोळ्याखाली पेन्सिलने महिना लिहिलेला. जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी.

जूनच्या गोळ्यात अंगठा आणि चारही बोटं खोल रुतलेली होती. मी ओळखला तो हात. ऑगस्टमध्ये करंगळीची जागा उथळ होती. ऑक्टोबरमध्ये करंगळीच्या जागी नुसती नखाची रेघ, आणि तिच्या शेजारचं बोटही अर्धंच. डिसेंबरच्या मातीत अंगठा आणि दोन बोटं. फेब्रुवारीच्या मातीत अंगठा, आणि एका बोटाचा खळगा, बाकी गोळा गुळगुळीत.

मी पुन्हा जूनपासून बघत आले. दुसऱ्यांदा बघूनही तेच होतं.

शर्टाची बटणं. बुटाची लेस. खिशातला हात. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी पार्ट्यांचा वास घेत बसले होते.

"डॉक्टरला दाखवलं का?" मी विचारलं.

"तीन ठिकाणी," इनास म्हणाला. "मानेतली नस. गेलेली ताकद परत येणार नाही म्हणाले."

मला राग आला. इनासचा नाही, ह्यांचा. पस्तीस वर्षं एका ताटलीतला मासा वाटून खाल्ला आणि हाताची गोष्ट सांगायला ह्यांना मढचा परका माणूस सापडला. मग आठवलं, की मी ऐकलं असतं तर त्याच दुपारी रोशनीला फोन केला असता, संध्याकाळी बिल्डिंगभर झालं असतं, आणि ह्यांना ते माहीत होतं. राग गेला नाही. पण त्याने ठेवलेलं पाणी मी प्याले.

इनास म्हणाला, तिसरी दांडी झाली तेव्हाच त्याच्या लक्षात आलं. ह्याहून बारीक केली तर तारांच्या ताणाने दांडी वाकेल, हेही त्याने ह्यांना सांगून बघितलं. "बाय, त्याला बाजा नको हाय. बाजा हातात आला तर वाजवायला लागंल. त्याला फक्त पुढची तारीख पायजे."

मी ती अर्धी दांडी उचलून हातात घेतली. घरून निघताना ठरवलं होतं, हा सगळा खेळ आज बंद करायचा.

"ही पाचवी पूर्ण करा," मी म्हटलं.

"आणि ही पण नको म्हटली तर?"

"तर सहावी करा."

परत येताना बोटीत मोबाइल काढून बघितला, पर्समध्ये सगळं रेकॉर्ड झालेलं होतं. पुसून टाकलं. रोशनीचा फोन आला, तिला म्हटलं रेंज नाही.

घरी पोचले तर हे जिन्यातच उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. माझ्या हातांकडे बघितलं, रिकामे आहेत ते बघितलं, आणि एकच विचारलं, "आत नेलं तुला त्याने?"

जन्मात मी ह्यांच्याशी खोटं बोलले नव्हते. मला तशी गरजच पडत नाही, मी तोंडावर बोलते.

"कुठलं आत," मी म्हटलं. "ओट्यावरूनच वाटेला लावलं मेल्याने. पाणीसुद्धा विचारलं नाही. गणपतीनंतर बघू म्हणतो."

"गणपतीनंतर," हे म्हणाले, आणि त्यांनी श्वास सोडला तो मला दोन पायऱ्या खाली ऐकू आला.

मग मी इनासला शिव्या घालायला सुरुवात केली. लबाड आहे, कामचोर आहे, त्याला काडीचं येत नाही, आपल्याला शेंडी लावतोय. हे पण मागे राहिले नाहीत. मी पहिल्यापासून सांगतोय, चालू माणूस आहे, असं म्हणत माझ्या मागून जिना चढले. आम्ही दोघं दारापर्यंत त्या भल्या माणसाला शिव्या देत गेलो, आणि मी एकदाही मागे वळून बघितलं नाही, कारण त्यांनी कठडा कोणत्या हाताने धरलाय ते मला दिसलं असतं.