होरेसची तीन उत्तरं

ओहायोतल्या आमच्या छोट्या कॉलेजात माझा भाऊ लूथर अमेरिकन फुटबॉलचा कोच होता आणि मी शरीरशास्त्र शिकवत होते. त्या काळी मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परत येता येत नसे. त्यामुळे डोक्याला मार बसला तरी पोरं बाहेर जायला तयार नसत. डोक्यावर संरक्षण म्हणजे जूनपासून वाढवलेले केस, एवढंच.

म्हणून मी लूथरला मार बसलेल्याला विचारायचे तीन प्रश्न सुचवले. वार कोणता, सामना कोणाशी, गुण किती? एक जरी चुकला तरी बाहेर. पहिल्या चार वर्षांत त्याने अकरा जण काढले. नंतरच्या दोन वर्षांत एकही नाही. पोरं जपून खेळायला शिकली, असं आम्ही समजलो.

विश्वस्त त्याला पाठीमागे 'नर्सबाई' म्हणत. १९०४च्या थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी, सणाच्या सामन्याआधी त्यांनी बजावलं, हा सामना हरलात तर नवा कोच आणू.

उत्तरार्धात कप्तान होरेस डिंगमन खेळाडूंच्या ढिगाखाली सापडला. उठला, पण फार हळू. लूथर आत धावला. मी मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी उभी होते.

"वार कोणता?"

"गुरुवार, कोच."

"सामना कोणाशी?"

"वेदरबीच्या गाढवांशी." मागची पोरं हसली.

"गुण?"

"सहा-पाच. सहा आपले."

लूथरने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

आम्ही जिंकलो. होरेस कपडे बदलायच्या खोलीत आडवा झाला तो पुन्हा शुद्धीवर आला नाही. सोमवारी गेला. शवपेटीत त्याच्या आईने त्याचे लांब केस नीट विंचरले होते.

दफनानंतर त्याचा संघातला जोडीदार नेड आमच्या स्वयंपाकघरात आला. टोपी हातात चुरगाळत उभा राहिला.

"कोच, उत्तरं मी सांगत होतो. त्याच्या मागून, हळूच. आम्ही सगळेच सांगतो एकमेकांना, दोन वर्षं झाली. तुम्ही प्रश्न कधी बदललेच नाहीत."

"त्याला काहीच आठवत नव्हतं?" लूथरने विचारलं.

"मला एल्मर म्हणत होता. एल्मर त्याचा भाऊ. वारलेला."

नेड गेल्यावर मी म्हटलं, "लूथर, प्रश्न माझे होते. डोळ्यांत बघ, असं सांगायला हवं होतं मी."

"नाही गं, कोरा." त्याने मान वर केली नाही. "डोळ्यांत मी बघितलं होतं. पण मला उत्तरं बरोबर हवी होती."

त्याच आठवड्यात विश्वस्तांनी पुढच्या तीन वर्षांचा करार देत असल्याचं सांगून पाकीट पाठवलं. लूथरने पाकीट न फोडता परत पाठवलं.